उतारावरून सुटलेल्या गाडीची व मिस्त्रींच्या कबुलीची बखर

आपली गाडी परक्याच्या अंगणी सोडून, किल्ली त्याच्या हाती देऊन, घरी जाऊन स्वस्थ जेवणाऱ्या सकळ जनांस विदित व्हावे की, गाडी गॅरेजात असता तिला इजा पोहोचली तर भरपाई कोणी करावी, आणि भरपाई करणारा जो विमा तो कोणत्या शब्दावर दार उघडतो व कोणत्या शब्दावर आतून कडी लावून घेतो, याविषयी लोकांत बहुत अज्ञान आहे. आणि ज्यांस ज्ञान आहे त्यांनी ते बारीक अक्षरांत छापून ठेविले आहे. सबब सदरहू मोहिमेची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. यात वीरांचे वर्णन कोठे कमीजास्त जाहले असेल तर तो दोष लिहिणाराचा, वीरांचा नव्हे. वीर आपला दोष घेत नसत, हीच तर सगळी कथा आहे.

तर मजकूर असा की, चढणीच्या रस्त्यास, लाँड्रीच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराखाली यंत्रविद्याविशारद, पानाबहाद्दर, सकळरोगपारखी राजश्री मिस्त्री राज्य करीत. कानाने इंजिनाची नाडी पाहत, नाकाने तेलाचे वय सांगत, आणि गिऱ्हाईक बोलू लागले की डोळे मिटून घेत. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक जाहली नव्हती. गाडी बंद पडली तर दोष कंपनीचा, पुन्हा बंद पडली तर दोष पेट्रोलाचा, तिसऱ्यांदा बंद पडली तर दोष चालवणाराचा, आणि चौथ्यांदा गिऱ्हाईक येतच नसे, म्हणोन मिस्त्री ती गाडी कायमची बरी जाहली ऐसे समजत.

दाराशी लोखंडी खांबावर हातभर लांबीचा फलक होता. त्यावर फर्मान होते की, गाड्या मालकाच्या जबाबदारीवर ठेवाव्यात. या फलकावर मिस्त्रींचा भरवसा ऐसा की, गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी उतरविलेला विम्याचा कागद कपाटात असूनही तो त्यांनी कधी उलगडिला नव्हता. कागद घेण्याचे कारण इतकेच की विकणारा खासा मेहुणा होता, आणि न घ्यावा तर मिस्त्रीणबाईसाहेबांची इतराजी होती.

आणखी एक रिवाज या दरबारी होता, तो ध्यानी ठेवावा. अंगण उताराचे, जागा अपुरी, गाड्या फार. सबब एकाही गाडीस हातब्रेक लावीत नसत, गिअरही मोकळा ठेवीत, म्हणजे पाहिजे ती गाडी हाताने ढकलून पाहिजे तेथे नेता येई. प्रत्येकीच्या चाकाखाली एक लाकडी पाचर सरकवून ठेवीत, आणि तेवढ्या पाचरेवर ते सारे सैन्य उतारावर उभे राही. मिस्त्रींचे मत होते की, हातब्रेक लावणे हा गाडीवर अविश्वास आहे.

ऐशा त्या दरबारी सोमवारी सकाळी सिस्टरबाई आल्या. यांचे काम घरोघर फिरून जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, म्हाताऱ्यांस सुया टोचणे आणि सुईआधी थापा मारणे, की दुखणार नाही. दिवसास चौदा घरे. तेवढ्यासाठी एक लहानशी पांढरी गाडी बाळगून होत्या. तिचा हॉर्न वाजेना, म्हणोन ती मिस्त्रींच्या हवाली करून, दुपारी नेते ऐसे सांगून त्या चालत पुढल्या गल्लीत रोग्याकडे गेल्या.

इकडे प्रहर दिवस वर येता मेहुणे आले. विम्याची मुदत सरावयास तीन दिवस बाकी होते, आणि नव्या मुदतीच्या अर्जावर सह्या घेणे होते. मग मिस्त्री टेबलाशी बसले. टेबलाचा एक पाय चार बोटे आखूड आणि खालची फरशीही उताराची, ऐशा दुहेरी संकटात ते टेबल कैक वर्षे डुगडुगत होते. पहिली सही खाली घसरली. दुसरी सही मेहुण्यांच्या बाहीवर गेली. तेव्हा मेहुणे म्हणाले, “दाजी, लोकांच्या गाड्या सरळ करता, हे टेबल कधी करणार?”

हा शब्द मिस्त्रींच्या वर्मी लागला. ते ताडकन उठले आणि अंगणात गेले आणि जी गाडी पहिली दिसली तिच्या चाकाखालची पाचर लाथेने मोकळी केली आणि आत आणिली आणि टेबलाच्या पायाखाली टाचेने दोन टोले हाणून ऐसी बसविली की टेबल खडकासारखे उभे राहिले. मग मिस्त्रींनी तिसरी सही केली. ऐसी सुरेख सही त्यांनी लग्नाच्या नोंदवहीतही केली नव्हती.

गाडी सिस्टरबाईंची होती. तिने पाचर गेल्यावर काही काळ भिडेखातर उभे राहून पाहिले. मग ती निघाली. प्रथम पायी चालणाराच्या गतीने, मग सायकलीच्या, मग स्वतःच्या; आणि हॉर्न नादुरुस्त असल्यामुळे कोणास सूचना न देता थेट दाराच्या खांबावर चालून गेली. खांब वाकला, गाडीचा पुढील भाग निम्मा जाहला, आणि मालकाच्या जबाबदारीचा तो फलक वरून सुटून काच फोडून मालकिणीच्याच आसनावर जाऊन बसला. माणूस कोणी जखमी जाहले नाही. लाँड्रीवाल्याने दारी येऊन पाहिले आणि आपल्या दोरीवरचे कपडे मोजले.

दुपारी सिस्टरबाई परतल्या. गाडी पाहिली, फलक वाचिला, आणि विचारले, “हॉर्न झाला का?”

मिस्त्री म्हणाले, “हॉर्न झाला. बाकीचं जरा वाढलंय.”

आता प्रसंग कठीण. सिस्टरबाईंचा स्वतःचा विमा कायद्यापुरता. त्यांच्या गाडीने दुसऱ्यास धडक दिली तर भरपाई, गाडीस स्वतःस लागले तर सहानुभूती. मिस्त्रींनी मजुरी न घेता गाडी उभी करण्याची भाषा केली, परंतु लागणारे सुटे भाग ऐसे की ते आणावयास निम्मे गॅरेज विकावे लागते. आणि ज्या दवाखान्याची चाकरी सिस्टरबाई करीत, त्याने कळविले की महिनाअखेर गाडी दारी नसल्यास चौदा घरे दुसऱ्या बाईंस दिली जातील. दिवस उरले अकरा. तेव्हा सकळांची दृष्टी कपाटातल्या त्या न उलगडिलेल्या कागदाकडे वळली.

मेहुण्यांनी हकिगतीचा कोरा फॉर्म आणून मिस्त्रींपुढे ठेविला. येथे मिस्त्रींनी तीस वर्षांचे सारे पांडित्य पणास लाविले आणि दोन पाने लिहिली. त्यात वादळी वाऱ्याचा अचानक झोत, जमिनीचा मूळचा कल, चाके गोल बनविण्याची कंपन्यांची खोड, आणि सदर गाडीचा उतावीळ स्वभाव, ऐसी चार कारणे देऊन शेवटी ठळक लिहिले की, या कामी गॅरेजचा काडीमात्र दोष नाही. त्या दिवशी वारा किती होता याविषयी लाँड्रीवाल्याची साक्ष ऐसी की, दोरीवरची चादर भिंतीसारखी उभी होती. परंतु त्यास कोणी विचारिले नाही.

मिस्त्रींनी तो मजकूर मिस्त्रीणबाईसाहेबांस वाचूनही दाखविला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “छान लिहिलंय. यातली गाडी कुणाची?”

पाचव्या दिवशी कंपनीचा खलिता आला. त्यातील आशय येणेप्रमाणे: आपला काडीमात्र दोष नसल्याचे वाचून समाधान वाटले, गिऱ्हाइकाच्या गाडीस गॅरेजच्या मालकाच्या अथवा पगारी कामगाराच्या चुकीने इजा पोहोचली तरच हा विमा भरपाई देतो, सबब आपण निर्दोष, आम्ही मोकळे.

खलिता वाचोन सकळांनी मेहुण्यांकडे पाहिले. मेहुण्यांनी घाम पुसून समजाविले की, दाजी, विमा दोन जातीचे; एकात कोणाचीही चूक असो वा नसो, गाडीस भरपाई मिळते, आणि दुसऱ्यात चूक आपली असेल तरच मिळते; आपण स्वस्तातला दुसरा घेतला होता. मिस्त्रींनी विचारिले, “मग मला तेव्हा का नाही सांगितलंस?” मेहुणे म्हणाले, “सांगितलं होतं. तुम्ही डोळे मिटून होता.”

तेथून कबुलीच्या मोहिमेस आरंभ जाहला. मेहुण्यांनी धावपळ करून फेरपाहणीची अर्जी मंजूर करविली, आणि आठव्या दिवशी पाहणीवाले साहेब जातीने येतील ऐसे ठरले. तोवर मिस्त्रींकडून एक वाक्य मिळविणे होते. परंतु मिस्त्री म्हणजे अभेद्य किल्ला. बुरुजावरून त्यांनी पुकारा केला की, एकवेळ मान कापून देईन, पण माझ्या हाताला नाव ठेवू देणार नाही.

सिस्टरबाई म्हणाल्या, “मिस्त्री, तुमची मान घेऊन मी काय करू? ती चालते का घरोघर? मला सही द्या.”

मग दोहों बाजूंनी मोर्चे लागले. मिस्त्रीणबाईसाहेबांनी रसद तोडली, म्हणजे अकराचा व चारचा चहा बंद केला, आणि नवऱ्याशी बोलणे ते भावामार्फत करू लागल्या. नवरा समोर बसला असता भावास फोन लावून म्हणत, “तुझ्या दाजींना सांग, आंघोळीचं पाणी गार होतंय.” मेहुणे तिकडून मिस्त्रींस फोन लावून तो निरोप पोहोचवीत, आणि तोवर पाणी खरेच गार होई.

सिस्टरबाईंचा मोर्चा याहून कठीण. त्या रोज दुपारी, पायी फिरून, धुळीने भरलेल्या बुटांनिशी येत आणि मिस्त्रींसमोरच्या स्टुलावर बसत आणि एक बूट काढून त्यातला खडा झाडीत. भांडत नसत. फक्त वार्ता देत. “आज सहाच घरं झाली. कोपऱ्यावरच्या आजोबांची पट्टी सकाळची दुपारी बदलली. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.” दुसऱ्या दिवशी, “तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना सुई द्यायला उशीर झाला. त्या विचारत होत्या, तुमचे मिस्त्री बरे आहेत ना?” मिस्त्री पाना उचलीत आणि खाली ठेवीत आणि पुन्हा तोच पाना उचलीत. रात्रीचे अन्न त्यांस गोड लागेना. परंतु शब्द फुटेना. हा अहंकार म्हणावा की भय, लिहिणारास निश्चये सांगता येत नाही. तीस वर्षे जे दार उघडिले नाही त्याची बिजागरी गंजते, इतके मात्र मिस्त्रींस स्वतःसही ठाऊक असावे.

आठव्या दिवशी साहेब आले. अंगाने किरकोळ, बगलेत फाइल, कानावर पेन्सिल. गाडी पाहिली, खांब पाहिला, उतार पावलांनी मोजला, इतर गाड्यांच्या चाकांखालच्या पाचरा वाकून पाहिल्या, आणि विचारिले की, या गाडीची पाचर कोठे आहे? मिस्त्री पाना पुसू लागले. मग साहेब आत येऊन टेबलाशी बसले आणि फाइल उघडून बोलले, “चूक कुणाची तेच कळत नसेल तर मला ‘कारण अज्ञात’ लिहावं लागेल. म्हणजे प्रकरण बंद.”

सिस्टरबाई स्टुलावर ताठ जाहल्या. दिवस उरले होते तीन.

साहेबांनी लिहिण्याआधी सवयीने कोपर टेकून टेबल हलविले. हलले नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर आडवी ठेविली. घरंगळली नाही. मग ते फरशीकडे पाहू लागले, जी उघड उतरती होती, आणि मग गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. तेथून त्यांचा आवाज आला, “पाचरेवर टायरची नक्षी आहे. कुणी घातली ही इथे?”

येथे महासंग्राम जाहला.

प्रथम मेहुणे पुढे सरसावले. दाजींची अब्रू आणि बहिणीचा संसार, दोहोंचा विचार करोन छातीवर हात ठेवून म्हणाले, “मी घातली साहेब.” साहेबांनी टेबलाखालूनच विचारिले की, आपण कोण? मेहुण्यांनी ओळख दिली. तेव्हा साहेबांनी निवाडा केला की, आपण बाहेरचे; बाहेरच्याने पाचर काढली तर गॅरेजची चूक नाही, भरपाई नाही; आणि विमा विकणाराच गाड्या सोडतो हे मात्र वर कळवावे लागेल. मेहुणे तत्काळ माघारी फिरले आणि म्हणाले, “म्हणजे, मी नुसतं बघितलं होतं.” मग भानावर येऊन म्हणाले, “म्हणजे, बघितलंही नव्हतं.”

मग मिस्त्रीणबाईसाहेब पदर खोचून आल्या. “मी घातली. बायकांना कसली अक्कल. लिहा.” साहेब म्हणाले, “तुम्ही इथे पगारी कामाला आहात का?” बाईसाहेब म्हणाल्या, “कामाला तीस वर्षं आहे. पगाराचं ह्यांना विचारा.” साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी छपराकडे पाहिले. हाही हल्ला वाया गेला.

तेव्हा कोपऱ्यातून हातोडीमामा उठले. हे पत्र्याचे पोचे काढणारे वृद्ध कामगार, वीस वर्षांचे निमकहलाल, आणि हजेरीपटावर असलेले एकमेव पगारी योद्धे. ते म्हणाले, “साहेब, मी काढली, मीच बसवली. माझी चूक. लिहा आणि सिस्टरना मोकळं करा.” साहेब टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झाडले, आणि मामांकडे आदराने पाहू लागले.

ते म्हणाले, “मामा, चूक ती चूक. पण हात मानला तुमचा. उतरती फरशी, आखूड पाय, आणि पेन्सिलसुद्धा हलत नाही. शंभरेक गॅरेजं बघितली मी. असलं टेबल बघितलं नाही. कारागीर आहात.” ऐसे म्हणोन साहेबांनी हात पुढे केला, आणि मामांनी तो हाती घेतला.

मिस्त्रींची कानशिले तापली. विम्याचा खलिता सोसला, चहाचा दुष्काळ सोसला, कोपऱ्यावरच्या आजोबांचा नमस्कारही कसाबसा सोसला; परंतु हे सोसवेना. ते खुर्ची मागे लोटून उभे राहिले आणि ओरडले, “ह्याचा हात? अहो, एक पोचा काढताना दोन पाडतो हा! हातोडीनं बसवली असती तर लाकूड फाटलं नसतं का? नीट बघा तरी! टाचेनं बसवलीय ती. दोन टोले. पहिला मापाचा, दुसरा मनाचा. मी बसवलीय!”

लाँड्रीतली इस्त्री सुद्धा थांबली ऐसे सांगतात.

साहेबांनी हळूच पेन्सिल उचलिली आणि सौम्यपणे विचारिले, “आणि काढलीत कुठून?”

मिस्त्रींनी मेहुण्यांकडे पाहिले, ते फाइलींत दडले होते. पत्नीकडे पाहिले, त्या आठ दिवसांत प्रथमच थेट त्यांच्याकडे पाहत होत्या. सिस्टरबाईंच्या बुटांकडे पाहिले. डाव्या बुटाचा तळ उसवून जिभेसारखा बाहेर आला होता. आणि मिस्त्री खाली बसले.

“बाईंच्या गाडीखालून,” ते म्हणाले. “वारा नव्हता.”

मामा गालावर हात ठेवून म्हणाले, “बरं झालं बोललात. मी त्या दिवशी रजेवर होतो, दाढ काढायला गेलो होतो. हजेरी बघितली असती तर आपण दोघंही गेलो असतो.”

मग कोरा कागद आला. मिस्त्रींनी लिहिले की, पाचर मी काढली, टेबलाखाली मी घातली, दुसरी लावायचे ध्यानी राहिले नाही, गाडी सुटली. येथे लेखणी थांबली. साहेब थांबले. मग मिस्त्रींनी एखाद्या जड इंजिनास एकट्याने हात घालावा तैसे खांदे आवळून लिहिले: चूक माझी. आणि खाली सही केली.

सिस्टरबाईंनी तो कागद हाती घेऊन दोनदा वाचिला आणि म्हणाल्या, “दुखलं?”

मिस्त्री म्हणाले, “थोडं.”

“सगळे असंच म्हणतात,” सिस्टरबाई म्हणाल्या, आणि प्रथमच हसल्या.

येणेप्रमाणे भरपाई मंजूर जाहली. मंजुरीचा कागद महिन्याच्या अखेरच्या दिवशी दवाखान्यात दाखल होता तो त्यांनी गाडीऐवजी मानिला, आणि चौदा घरे सिस्टरबाईंकडे कायम राहिली. गाडी नवे तोंड लेऊन पंधरा दिवसांनी बाहेर पडली, आणि तोवरच्या फेऱ्यांसाठी मिस्त्रींनी आपली स्कूटर दिली.

कबुली दिल्या दिवशीच चार वाजता चहा पुन्हा सुरू जाहला. तो घेता घेता मिस्त्रींस अंग हलके वाटू लागले, आणि त्या भरात ते पत्नीस म्हणाले, “एवढं काही अवघड नसतं गं ते. तसं बघायला गेलं तर आपल्या त्या भांडणातही माझंच चुकलं होतं.”

“कोणत्या?”

मिस्त्रींनी बहुत विचार केला. एकाचे नाव घ्यावे तर बाकीची रागावतील, सगळी म्हणावीत तर तीस वर्षांचा मुलूख एका शब्दात जातो. शेवटी म्हणाले, “बऱ्याचशा.”

मिस्त्रीणबाईसाहेबांनी कप खाली ठेविला, साहेबांनी मागे सोडिलेले कोरे कागद पुढे ओढिले, लेखणीचे टोपण काढिले, आणि फर्माविले, “सावकाश सांगा. लग्नापासून.”

सबब नोंद करणे ती ऐसी की, या एका मोहिमेत दोन किल्ले सर जाहले. पहिला विमा कंपनीचा, तो दोन शब्दांत पडला. दुसऱ्याची कलमे सायंकाळपर्यंत सतरा लिहून जाहली, खाली सही आहे, आणि किल्ल्या मिस्त्रीणबाईसाहेबांच्या कमरेस.